बोटीच्या काठाचं पांढरं पडलेलं रबर आणि ३०३ ची बाटली, दोन पावसाळे वापरून मग लिहितोय

बोटीच्या काठाला जे जाड काळं रबर असतंय ना, सगळीकडनं फिरवलेलं, त्यावर हात टेकला की पंजा काळा व्हायचा आणि रबर स्वतः मात्र राख फासल्यासारखं पांढरट, अशी आमच्या बोटीची अवस्था झालेली. त्यासाठी ३०३ प्रोटेक्टंट म्हणून जी स्प्रेची बाटली मिळते ती आम्ही एप्रिल २०२४ ला ऑनलाइन मागवली. त्यानंतर दोन पावसाळे गेले, बोट दोन्ही वेळा पाण्यात उतरली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आधी लिहिलं असतं तर नुसतं चमक बघून पाच स्टार दिले असते. आता चारच देतोय, आणि तो एक का कापला ते खाली येईलच.

आम्ही निपाणी तालुक्यातले, वेदगंगेच्या काठचे. तिकडं वर पाटगावचं धरण भरलं आणि पाऊस लागूनच राहिला की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर हे बुटके पूल एकामागोमाग पाण्याखाली जातात, दूधगंगेवर कारदगा-भोज आणि मलिकवाड-दत्तवाडचं पण तेच, हे काय नवीन नाही कुणाला. पण २०१९ च्या ऑगस्टला यमगर्णीजवळ पाणी हायवेवर चढलं, पुणे-बेंगळुरू रस्ताच बंद पडला आणि मदत इकडनंही येईना आणि तिकडनंही येईना. तेव्हा आमच्या गावात म्हातारी माणसं आणि लेकरं गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत, बसवून काढलीत आम्ही. काहील गोल फिरती, वल्हं मारलं की जागेवरच गिरकी घेती, आणि आत बसलेली आज्जी डोळे मिटून काठ धरून बसलेली. ते बघितल्यावर मंडळानं ठरवलं की गणपतीचा खर्च कमी करायचा पण एक बोट घ्यायची. २०२० च्या सुरुवातीला मालवणकडच्या एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडनं चौदा फुटाची फायबरची सेकंडहँड बोट आणली, इंजिनासकट. इंजिन झकास होतं, फायबर पण चांगला, रबर मात्र तेव्हाच अर्धं मेलेलं. समुद्राचं खारं पाणी आणि ऊन खाऊन खाऊन.

रबराचं एवढं काय, असं मंडळातली पोरं पण म्हणायची. तर पुरात बोट काय धक्क्याला लागत नाही, ती कुणाच्या तरी ओट्याला लागते, कंपाऊंडच्या भिंतीला, खिडकीच्या ग्रिलला, कधी ट्रॉलीच्या फाळक्याला लागते. प्रत्येक ठिकाणी पहिला मार ते रबर घेतंय. ते नसलं तर फायबरचा जेलकोट, म्हणजे वरचा कडक चकचकीत थर, फुटतो आणि आत पाणी शिरायला लागतं. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतंय, माणूस बोटीत चढताना पहिला हात त्याच रबरावर टाकतो. भिजलेला, घाबरलेला, कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस. त्याला धरायला तेवढंच असतंय.

म्हणूनच २०२१ ची गोष्ट सांगतो, कारण हा सगळा रिव्ह्यू त्यातनंच आलाय. त्या वर्षी जुलैत परत यमगर्णीला हायवेवर पाणी आलं. त्याच्या आधी आठ दिवस एका पोरानं हौसेनं बोट धुतली आणि काठाच्या रबराला टायर पॉलिश मारलं, ते जेलसारखं चकचकीत असतंय बघा, सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीच्या टायरला असतंय तसलं. बोट दिसायला एकदम नवी कोरी. सगळ्यांनी फोटो काढले, मी पण काढले. मग पाणी आलं, आणि खालच्या गल्लीतल्या एका आज्जीला घेताना त्यांनी काठ धरला आणि हात सर्रकन सुटला. लोणी लावल्यासारखा. मागं त्यांचा लेक उभा होता म्हणून सावरलं, त्याच्या अंगावर कोसळल्या त्या, छातीएवढं पाणी होतं तिथं. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून बोटीला चमक आणणारी कुठलीही वस्तू बघितली की मी आधी निसरडं होतंय का विचारतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी ते टायरसाठी बनवलंय, बोटीवर माणसं चढवायला नाही, वापरणारे आम्ही होतो.

ते पॉलिश काढायला किती दिवस गेले विचारू नका. तसल्या पॉलिशमध्ये सिलिकॉनचं तेल असतंय, ते रबरावरनं ओघळून फायबरवर उतरलं आणि नंतर एका ठिकाणी फायबरची भेग भरायची होती तर भरलेलं मटेरियल धरेना, वर रंग मारला तर माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडले. फायबर काम करणाऱ्यानं बघितल्या बघितल्या विचारलं, ह्याला टायर पॉलिश लागलंय काय. त्यांना रोजचं आहे ते.

आता रबर पांढरं का पडतंय ते थोडं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय कुठली बाटली घ्यायची ते कळत नाही. काळं रबर काळं असतंय ते कार्बन ब्लॅकमुळं, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी त्यात मिसळलेली असती, तीच उन्हापासनं रबराला वाचवती पण. पण वर्षानुवर्षं ऊन लागलं की वरचा थर कुजल्यासारखा होतो, रबराची पकड सुटती आणि आतली काजळी आणि पांढरी भुकटी, म्हणजे जो फिलर घालतात तो, मोकळा होऊन वर येतो. हाताला काळं लागतंय ते हेच. म्हणजे तो मळ नव्हे, रबरच झडायला लागलंय. आमच्या बोटीवर हे लई स्पष्ट दिसायचं कारण तीन वर्षं बोट एकाच दिशेला तोंड करून पत्र्याच्या शेडच्या कडेला ठेवलेली, डावी बाजू कडुनिंबाखाली आणि उजवी बाजू दुपारनंतरच्या उन्हात. डावं रबर हिरवट, शेवाळ धरलेलं पण खाली काळं आणि मऊ. उजवं पांढरंफटक आणि कडक. एकाच दिवशी बसवलेलं, एकाच मापाचं रबर. ते बघून मंडळातल्या एकालाही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, दुसऱ्या रविवारी पोरांनी स्वतःच बोट आत सरकवली.

भेगांचं वेगळं असतंय. ताणलेलं रबर उन्हा-हवेत जुनं झालं की चिरतं, आणि ताण ज्या दिशेला त्याच्या आडव्या चिरा पडतात. त्यामुळं सरळ काठावर काही नाही आणि नाकाच्या वळणावर, जिथं रबर ओढून वळवलेलं असतंय, तिथं नुसत्या आडव्या रेघा. हे ज्यांच्याकडं बोट आहे त्यांनी जाऊन बघा, नाकावर आणि मागच्या दोन कोपऱ्यांवर नखानं उघडून बघा. चिरेत नख जात असेल तर कुठल्याही बाटलीनं ते भरत नाही. ३०३ नं पण नाही. तिथं तुकडा बदलायचा.

रबर कुठलं आहे हे कळायला मी दोन इंचाचा एक तुकडा मागच्या बाजूनं कापून बेळगावला घेऊन गेलो, उद्यमबागेकडं रबराची बीडिंग, गास्किट (झाकणाखाली बसवायची रबरी पट्टी) विकणारे आहेत त्यांच्याकडं. दुकानदार कानडी, मराठी व्यवस्थित समजतंय त्यांना, पण तुकडा वाकवून, वास घेऊन, चिंधीवर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन चोळून बघितला आणि एकदम कानडीतच म्हणाले, "ईपीडीएम इदु. डिझेल हच्चब्याडरी, उब्बतद." हे ईपीडीएम आहे, म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम रबर, डिझेल लावू नका, फुगतंय. मी काही विचारायच्या आत. कारण त्यांना माहीत आहे की आमच्याकडं काळं करायचं म्हटलं की पहिला हात डिझेलच्या डब्याकडं जातो. ट्रॅक्टरचं रबर, इंजिनचं कव्हर, सगळं डिझेलच्या फडक्यानं पुसायचं. दोन दिवस काळंकुळकुळीत दिसतंय आणि मग ईपीडीएम असेल तर तेल पिऊन फुगतंय, ढिलं पडतंय, खाचेतनं बाहेर येतंय. रॉकेल, पेट्रोल, ग्रीस सगळ्याचं तेच. अ‍ॅसिटोननं त्याला काही होत नाही, पण तेच जर पीव्हीसीची पट्टी असेल तर अ‍ॅसिटोननं चिकट होती, म्हणून त्यांनी ते चोळून बघितलं. घरी करून बघायचं असेल तर कडेला, न दिसणाऱ्या जागी, आणि थेंबभरच. खोबरेल तेल लावणारेही आहेत, त्यानं धूळ बसून दोन आठवड्यात चिकट थर होतो, त्याला मुंग्या लागतात. व्हिडिओत हीट गन मारून काळं करतात ते गाडीच्या प्लास्टिक बंपरसाठी आहे, रबराला त्याचा उपयोग नाही आणि खालच्या जेलकोटला फोड यायचे.

आता धुण्याचं. ३०३ वर लिहायला बसलोय पण खरं सांगायचं तर आमचं पंचाहत्तर टक्के काम धुण्यात झालं. ज्यांनी बाटली आणून थेट मळक्या रबरावर फवारली असेल आणि नंतर "काही फरक नाही" म्हणत असतील, त्यांनी एकदा हे करून बघा.

सकाळी लवकर, सावलीत. रबर तापलेलं असेल तर साबण जागेवरच वाळतो आणि डाग राहतात. आधी नुसतं पाणी, मग भांड्याचा लिक्विड साबण कोमट पाण्यात, आणि कपड्याचा जो मऊ ब्रश असतो तो, तारेचा ब्रश अजिबात नाही. रबर आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जिथं मिळतात त्या खाचेत जुना टूथब्रश. त्या खाचेत काय काय होतं म्हणून सांगू, मालवणची बारीक वाळू तर होतीच, २०२१ च्या पुरातला गाळ वाळून दगड झालेला, उसाचा पाला, आणि कुणाच्या तरी लुगड्याचा दोरा. हे सगळं पाणी धरून ठेवतंय आणि स्क्रूला गंज तिथनंच लागतोय. साबणानं एक फेरी झाली की पांढरं फडकं ओलं करून चोळायचं आणि फडक्याकडं बघायचं. काळं आलं की परत. आम्ही डाव्या बाजूला तीन फेऱ्या केल्या आणि उजव्या बाजूला सात. सात! पोरं वैतागली, एक जण म्हणाला आता रबरच संपायचं, पण सहाव्या फेरीला फडकं करडं यायला लागलं आणि सातव्याला जवळजवळ पांढरं. साबणानं हलत नव्हतं तिथं ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, तो पण वाळू द्यायचा नाही, लगेच धुवायचा. हिरव्या शेवाळाला आणि बुरशीच्या ठिपक्यांना पांढरा व्हिनेगर अर्ध्या पाण्यात, दहा मिनिटं ठेवून. ब्लीच वापरू नका, रबर कडक करतंय आणि स्क्रू खातंय, आणि ज्यांना वापरायचंच आहे त्यांनी निदान व्हिनेगरबरोबर तरी कधी मिसळू नये, विषारी गॅस होतो त्याचा.

उजव्या बाजूच्या सगळ्यात पांढऱ्या चार फुटांवर आम्ही पाण्यातला चारशे नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हातानं फिरवला. मेलेला थर निघाला आणि खालनं चांगलं काळं रबर आलं. पण हे जाड भरीव काठाच्या रबरालाच, झाकणाच्या मऊ गास्किटला पेपर लावायचा नाही, आणि फायबरला लागू नये म्हणून खाली मास्किंग टेप. ते जादूचे पांढरे स्पंज मिळतात ना घासायचे, ते रबरावर चांगलं काम करतात पण ते पण बारीक पॉलिश पेपरच आहेत असं समजा, जेलकोटला लागले तर चमक जाती. स्क्रूखाली जे तपकिरी ओघळ होते त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पातळ पाणी, हातमोजे घालून, ते मात्र एका झटक्यात जातात. हे सगळं आम्ही ट्रॅक्टर धुवायच्या कट्ट्यावर केलं, नदीवर नाही. नदीचं पाणी आपणच पितोय.

धुतल्यावर एक पूर्ण दिवस वाळू दिलं. खाचेत ओल राहती म्हणून.

मग ३०३. पाण्यासारखं पातळ, दुधी रंगाचं, वास फारसा नाही, तेलकट नाही. बेस पाण्याचाच आहे. बाटली ४७३ मिलीची. मी ती रबरावर थेट फवारत नाही, मायक्रोफायबरच्या फडक्यावर दोन फवारे मारायचे आणि दोन-दोन फूट करत जायचं. पहिल्यांदा आमच्या पोरांनी भरपूर मारलं, जास्त मारलं की जास्त टिकतंय अशी समजूत, तर दुसऱ्या दिवशी पांढरे ओघळ आणि ठिपके. ह्याची खुबी अशी आहे की हे आपोआप वाळून बसत नाही, पुसून पुसून कोरडं करावं लागतंय. एक फडकं लावायला आणि दुसरं कोरडं फडकं घासायला, रबराला हात लावला तर ओलं किंवा गुळगुळीत लागता कामा नये. उद्यमबागेतल्या त्या अण्णांनी पण फोनवर हेच सांगितलं, "स्वल्प हच्चरी, साकु." थोडंच लावा, बास. जिथं माणसं हात टाकतात त्या मधल्या भागाला आम्ही दोनदा कोरडं पुसतो. आणि बोटीच्या तळाच्या रबर मॅटला आणि चढायच्या पायरीला अजिबात लावत नाही, तिथं नुसता साबण.

दिसायला काय होतंय? काळं होतंय पण चकचकीत नाही. नव्या रबरासारखं मंद काळं. मला हे आवडलं, ज्यांना फोटोत चमक पाहिजे त्यांना आवडणार नाही. हाताला काळं लागत नाही आता, आणि मुख्य म्हणजे पकड. जुलै २०२४ ला पाणी आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि मंडळाचे अध्यक्ष, आम्ही दोघांनी हात ओले करून, साबणाचे पण करून, काठाला लोंबकळून बघितलं. सुटला नाही. दुसऱ्या दिवशी चाळीसएक माणसं आणि सहा शेरडं आणली, एकाचाही हात सुटला नाही. मी प्रत्येकाच्या हाताकडं बघत होतो, चेहऱ्याकडं नाही.

टिकतंय किती, तर इथंच तो एक स्टार कापला. बाटलीवर पण लिहिलंय की उघड्यावर असेल तर महिना-दीड महिन्यानं परत लावा. आमची बोट आता आत सावलीत असती त्यामुळं डाव्या बाजूला दोन अडीच महिने काही होत नाही. उजव्या बाजूला, म्हणजे जी आधी मेलेली, तिथं तीन आठवड्यांनी करडेपणा परत डोकावतो. म्हणजे हे औषध नाही, छत्री आहे असं समजा. चांगल्या रबराला ऊन लागू देत नाही, गेलेलं रबर परत आणत नाही. आणि पुराच्या पाण्यात तीन-चार दिवस बोट घासली, भिंतींना लागली, की घासलेल्या जागी काहीच उरत नाही, परत धुवा आणि परत लावा. गढूळ पाण्यात डिझेलचा तवंग पण असतो, गटारं पण मिसळलेली असतात, म्हणून बोट वर काढली की त्याच संध्याकाळी, कितीही दमलेलो असलो तरी, साबणानं काठ धुऊनच घरी जायचं असा आमच्यात नियम झालाय. हातमोजे घालून. गाळ एकदा वाळला की चौपट काम.

किंमत. महाग आहे, चार आकडी आहे, टायर पॉलिशच्या कितीतरी पट. निपाणीत मला मिळाली नाही, ऑनलाइनच घ्यावी लागली. पण आमच्या बोटीचा पूर्ण काठ, दोन्ही बाजू आणि मागची धरून तीस-पस्तीस फूट भरतो, एका वेळेला जेमतेम चाळीस मिली जातंय. पहिली बाटली दोन पावसाळे पुरून तळाला दोन बोटं उरलीय. त्या हिशोबानं मला महाग वाटत नाही. तेच पैसे वर्गणीतनं मागताना मात्र अर्धा तास बोलावं लागलं, आणि ते बरोबरच आहे, मंडळाचा पैसा आहे.

काळा रंग चढवणारे ट्रिम रिस्टोरर पण मिळतात, ते रबरावर थर बसवतात आणि महिनोन् महिने टिकतात म्हणे. गाडीच्या बंपरला एकानं लावलेलं बघितलंय, सुंदर दिसतंय. पण बोटीच्या काठाचं काम घासायचंच आहे, तो थर पापुद्र्यानं निघायला लागला तर परत खरवडत बसायचं, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. हवेच्या ज्या रबरी बोटी असतात त्यांच्यासाठी पण ३०३ वापरतात, आणि ते पटतंय मला, त्या तर सगळ्याच उन्हाला उघड्या.

पुढच्या झाकणाच्या गास्किटचं थोडक्यात. त्या कप्प्यात लाइफ जॅकेट आणि दोर असतात आणि २०२१ ला ते सगळे भिजलेले निघाले. गास्किट दबून दबून चपटं झालं होतं. साबणानं धुऊन, वाळवून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, गाडीच्या साध्या ग्रीसचा नाही, आणि एरवी झाकण घट्ट बंद न करता अर्धवट उघडं ठेवायला लागलो, त्यानं ते बऱ्यापैकी परत फुगून आलं. इथं सिलिकॉन चालतंय कारण तिथं कुणी हात टाकत नाही.

नाकाचा तुकडा मात्र बदलावाच लागला. त्याच उद्यमबागेतनं त्याच मापाचं डी आकाराचं ईपीडीएम दोन मीटर आणलं. कडक होतं, वळणावर बसेना, दोघांनी ओढलं तरी नाही. मग आमच्या काकूंनी सांगितलं, बंबातलं कढत पाणी घ्या. घमेल्यात बंबाचं पाणी ओतून तुकडा त्यात वीस मिनिटं ठेवला, गरम असतानाच हातमोजे घालून नाकावर वाकवला आणि मधनं सुरुवात करून दोन्हीकडं स्क्रू मारत गेलो. ओढून ताणून बसवायचं नाही, उलट थोडं दाबत न्यायचं, कारण ताण राहिला की परत तिथंच चिरा. स्क्रू स्टेनलेसचे, आणि प्रत्येक भोकात पीयू सीलंट, म्हणजे भोक बुजवायची चिकट पेस्ट, नाहीतर पाणी भोकातनं फायबरच्या आत जातंय. ईपीडीएमला गोंद नीट धरत नाही, त्यामुळं नुसतं चिकटवून बसेल ह्या भरवशावर राहू नका.

नवीन तुकडा आणि जुनं धुतलेलं रबर शेजारी शेजारी आहेत आता. डाव्या बाजूला जोड शोधावा लागतो. उजव्या बाजूला लांबनं दिसतो, आणि ते चार फूट ह्या मेच्या आत बदलायचे असं परवाच्या मीटिंगला ठरलंय. माप घेऊन ठेवलंय, अण्णांना फोन झालाय, बाटली दुसरी मागवलीय. बोट कडुनिंबाकडं तोंड करून आत आहे, वरची निळी ताडपत्री चारी बाजूंनी बांधायची नाही, खालनं वारा खेळता ठेवायचा, नाहीतर आत बुरशी धरती, एवढं फक्त शेडची चावी ज्याच्याकडं आहे त्यानं लक्षात ठेवावं.